छोट्या सभागृहात संगीत नाटक रंगेल का?

प्रश्न : आमच्या इंदूरच्या मंडळाचं सभागृह जेमतेम दीडशे खुर्च्यांचं. एक फिरती नाटक मंडळी तिथे ‘संशयकल्लोळ’ करू म्हणतेय. होकार द्यावा का?

उत्तर : जरूर द्या! नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक गंधर्व नाटक मंडळीनं १९१६ साली रंगभूमीवर आणलं. अशा दौऱ्यांत मी ऑर्गन वाजवलाय, म्हणून सांगते. सगळा घोटाळा एका तसबिरीचा. ती बायकोच्या, म्हणजे कृत्तिकेच्या हातात पाहून संशयी फाल्गुनरावाची भुवई चढते, ती लहान जागेत शेवटच्या रांगेलाही दिसते. ऑर्गन मात्र विंगेत कोंबू नका, रंगमंचासमोर खालीच ठेवा. गाणाऱ्याला वाजवणारा दिसायलाच हवा. पुढच्या चार खुर्च्या जातील, जाऊ द्यात. आणि वेळ वाचवायला पदं कापा, असं कृपा करून सांगू नका.