संग्रहातले चाकू चामड्याच्या म्यानातच ठेवले तर चालतील का?

नको. म्यान चाकू जवळ बाळगण्यासाठी असतं, वर्षानुवर्षं साठवण्यासाठी नाही. चामडं हवेतला ओलावा धरून ठेवतं, शिवाय ते कमावताना वापरलेली रसायनं त्यात उरलेली असतात. मग पात्यावर बारीक काळे खड्डे पडतात आणि पितळी भागांवर हिरवा थर चढतो. म्यान शेजारी वेगळं ठेवा. कार्बन स्टीलच्या (स्टेनलेस नसलेल्या, लवकर गंजणाऱ्या पोलादाच्या) पात्याला मिनरल ऑइलचा अगदी पुसट हात द्या. खाद्यतेल नको, ते चिकट होऊन बसतं. स्टेनलेसमध्ये गंज रोखणारं क्रोमियम किमान १०.५ टक्के असतं, तरी गाफील राहू नका, तेही गंजतं (उशिरा, इतकंच). आणि जुन्या पात्यावरची निळसर-करडी झाक घासून काढायच्या फंदात पडू नका. तो गंज नव्हे, आणि ती गेली की जुन्या चाकूची किंमतही उतरते. लालसर, खरखरीत डाग दिसला तर तेवढाच काढा.