वेलबुट्टीच्या आधी टोक

लोहारकाम शिकताना थेट लोखंडी गुलाबाच्या फुलाला हात घालू नकोस. आधी १२ मिमीची चौकोनी माइल्ड स्टीलची (कमी कार्बनच्या, मऊ पोलादाची) सळई घे आणि नुसतं टोक काढायला, म्हणजे ठोकून निमुळतं करायला शीक. वेटोळ्याचं, म्हणजे सळई गोल वळवून केलेल्या नक्षीचं, सगळं सौंदर्य त्या निमुळत्या टोकात असतं. ते बोजड राहिलं की पुढची वळणं कितीही सुबक असोत, काम ओबडधोबडच दिसतं. माझी पहिली डझनभर वेटोळी तशीच भंगारात गेली.

लोखंड पिवळं झालं की ठोक, मंद लाल दिसू लागलं की थांब, परत भट्टीत घाल. थंड लोखंडावर घाव घालून मनगट तेवढं दुखतं, शिवाय सळई चिरते. उलट ठिणग्या उडायला लागल्या तर लोखंड जळतंय, तेवढा भाग कापूनच टाकावा लागतो.

सळईला पीळ देताना पिळायची पूर्ण लांबी सारखी तापलेली हवी. एखादी जागा जास्त वळतेय असं दिसलं तर तिथे पाण्याची बारीक धार सोड, बाकीचा भाग आपोआप बरोबरीला येतो.

आणि जस्ताचा मुलामा असलेला भंगार माल भट्टीत अजिबात नको. त्या धुराने ताप भरतो.