मूल बोलत नाही, दाखवत नाही; मग शिकवायचं काय?

पत्र : मी पारोळा तालुक्यातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मावशीच्या नऊ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं स्नायूंवर ताबा नसणं) आहे, नजरही अधू आहे. तो बोलत नाही, आधाराशिवाय बसत नाही. तपासणीत ‘बुद्ध्यांक काढता आला नाही’ असं लिहून दिलं. अशा मुलांची शिक्षिका व्हावंसं वाटतं. वडील म्हणतात, जे पोरगं काही करतच नाही त्याला तू शिकवणार काय? कोर्स कोणता करावा?

उत्तर : वडिलांचा प्रश्न रास्त आहे. या कामाचा गाभाच तो आहे, म्हणून आधी त्याचं उत्तर.

बुद्ध्यांक चाचणीत मुलानं सांगायचं, दाखवायचं किंवा जुळवायचं असतं. ज्याचा हात ताब्यात नाही आणि नजर ठरत नाही, त्याचा आकडा तळाला जातो किंवा निघतच नाही. त्यावरून उद्या सकाळी काय शिकवायचं ते कळत नाही. शिक्षिका वेगळं शोधते: प्रतिसाद कशाला येतो, किती वेळानं येतो आणि शरीराच्या कोणत्या भागातून येतो.

सुरुवात आईपासून. झटक्यांचं (फिट्सचं) औषध किती वाजता, झोप कधी, कुठल्या आवाजाला दचकतो, कुठल्या आवाजाला शांत होतो. औषधाच्या गुंगीत घेतलेली नोंद वाया जाते. मग बैठक. डोकं लटकत असेल तर मुलाची सगळी ताकद न पडण्यातच खर्च होते. कॉर्नर चेअर (कोपऱ्यासारखी पाठ असलेली आधाराची खुर्ची) नसेल तर भिंतीच्या कोपऱ्यात टेकवून दोन्ही बाजूंना घट्ट गुंडाळलेली गोधडी लावता येते. ही बैठक एकदा फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावी. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे काम सकाळी नऊच्या आतच उरकावं.

आता प्रत्यक्ष तपासणी. मुलाच्या नजरेआड, कानापासून हातभर अंतरावर, स्टीलची वाटी एकदाच वाजव. मग गप्प राहून पंधरा सेकंद मोज. नवशिके इथंच चुकतात. तीन सेकंदांत पुन्हा वाजवतात आणि उशिरा येणारा प्रतिसाद दुसऱ्या आवाजाखाली बुडतो. असं पाच वेळा कर. अधूनमधून, वाटी न वाजवताही, पाच वेळा तेवढेच सेकंद मोज. वाजवल्यावर पाचपैकी चार वेळा श्वास थबकला किंवा पापणी हलली आणि न वाजवता एकदाच, तर तो प्रतिसाद धरायला आधार आहे. दोन्हीकडे सारखंच झालं तर ती त्याची नेहमीची हालचाल. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी तेच दिसलं, तर नोंद पक्की. नजरेसाठी काळ्या कापडावर एकच लाल किंवा पिवळी वस्तू संथ हलवायची, मुलाची पाठ खिडकीकडे ठेवून.

दोन ठिकाणी हमखास फसगत होते. मान एका बाजूला वळली की त्याच बाजूचा हात आपोआप ताठ होतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया असते, पण ‘वस्तूकडे हात नेला’ अशी नोंद होते. उलट, काही सेकंद शून्यात लागलेली नजर हा झटका असू शकतो, त्याला दुर्लक्ष समजतात. वेळ आणि सेकंद लिहून डॉक्टरांना दाखवावेत.

सिकंदराबादच्या, बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी ही तपासणीसूची विशेष शाळांत वापरतात. मूल कृती स्वतः करतं, खुणेनं करतं, सांगितल्यावर करतं की हात धरून, हे तिच्यात वेगवेगळं नोंदवतात. ती उपयोगी आहेच. पण अतितीव्र बहुविकलांगता (एकाहून अधिक अपंगत्वं) असलेल्या मुलाच्या रकान्यात वर्षभर ‘उणे’ दिसत राहतं, आणि पालक हताश होतात. म्हणून शेजारी आपली बारीक नोंदवही हवीच. इंग्लंडमध्ये २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून अशा मुलांसाठी गुंतून राहण्याचं मूल्यमापन बंधनकारक आहे: मूल वस्तू चाचपून पाहतं का, पुढं काय येणार ते ओळखतं का, चिकाटी धरतं का, स्वतःहून सुरुवात करतं का.

आता ‘शिकवणार काय?’ समजा उद्दिष्ट असं लिहिलं: ‘जेवणाआधी तोच चमचा हाताला लागल्यावर दहा सेकंदांत तोंड उघडेल, पाचपैकी चार वेळा, सलग तीन दिवस.’ हे शिक्षणच आहे. चमचा म्हणजे जेवण, टॉवेल म्हणजे अंघोळ, हे कळलं की मुलाला दिवसाचा अंदाज येतो, घाबरणं कमी होतं, आणि पुढं दोन वस्तूंतून एक निवडता येते. त्याचा हात धरून ओढायचा नाही. आपला हात त्याच्या हाताखाली ठेवायचा, म्हणजे नको असेल तेव्हा तो हात काढून घेऊ शकतो. काढून घेणं हेही उत्तर आहे, ते लिहायचं. शब्द घरचाच वापरायचा. मावशी ‘आठे देख’ म्हणत असेल तर शाळेतही ‘आठे देख’, पुस्तकी ‘इकडे पाहा’ नको. धडगाव-अक्कलकुव्याकडं पावरी, भिलीतले चार शब्द आधी शिकावे लागतात.

भरवणं हाही वर्गाचाच भाग. मूल बसलेलं, हनुवटी किंचित खाली, घास संपूर्ण गिळल्यावरच पुढचा, जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. आडवं करून भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. खोकला, ठसका, घोगरा ओला आवाज आला की थांबायचं आणि डॉक्टरांना सांगायचं.

कोर्सबद्दल. पदवी अर्धी सोडून बारावीनंतरच्या विशेष डी.एड.कडं वळू नकोस. पदवीला किमान ५० टक्के ठेव आणि दोन वर्षांचं विशेष बी.एड. (अपंग मुलांच्या शिक्षकांसाठीचं) कर. बहुविकलांगता ही शाखा मिळाली तर उत्तम, नाहीतर बौद्धिक व विकासात्मक अक्षमता ही शाखा घे. फी भरण्याआधी त्या कॉलेजला, त्याच शाखेला, त्याच वर्षासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, ते परिषदेच्या यादीत स्वतः पाहा. त्याशिवाय नोंदणी क्रमांक मिळत नाही, आणि परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानं नोंदणीविना हे काम करणं गुन्हा आहे.

नोकऱ्या विशेष शाळांत आणि समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेखाली आहेत. समग्र शिक्षात मोठा भाग गृहाधारित शिक्षणाचा, गावोगाव फिरण्याचा. भरती बहुधा कंत्राटी. वडिलांना हे आधीच सांग. विशेष शाळांत बहुविकलांग मुलांसाठी दोन मुलांमागं एक शिक्षक हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयानं २०२१ च्या निकालात धरलं, तरी वर्गात ते दिसेलच असं नाही. पाठही सांभाळावी लागते: वीस-पंचवीस किलोचं मूल एकटीनं उचलायचं नाही, दोघींनी उचलायचं.

दिवाळीच्या सुट्टीआधी जवळच्या विशेष शाळेत परवानगी काढून दहा दिवस बस. लंगोट बदलणं, लाळ पुसणं, आणि एकाच मुलाची वाटीची नोंद दहा दिवस घेणं, हे तिन्ही कर. तीच नोंद मावशीच्या मुलाचीही घे आणि वही वडिलांसमोर ठेव. अर्ज त्यानंतर भर.