बुद्धिबळाचे डाव साठवायचे कुठे, अभ्यासायचे कसे?

मुलगी अकरा वर्षांची आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीच्या स्पर्धा खेळते. स्कोअरशीटचा गठ्ठा साठलाय. पैसे न घालता हे डाव संगणकावर कसे ठेवावेत? – एक पालक, मंगळवार पेठ

'सिड व्हर्सेस पीसी' उतरवून घ्या. बुद्धिबळाचे डाव साठवणाऱ्या, शेन हडसन यांनी लिहिलेल्या 'सिड' या मोफत प्रोग्रॅमवरूनच ही वेगळी आवृत्ती तयार झाली. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते, त्यासाठी भारी संगणक लागत नाही.

मुलीच्या डावांसाठी एकच डेटाबेस करा. प्रत्येक डावाला स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा आणि निकाल या सात गोष्टी भरा. डाव लिहिण्याची पीजीएन ही पद्धत १९९३ मध्ये आली, तेव्हापासून ही सात खाती ठरलेली आहेत. तारीख माहीत नसेल तर प्रश्नचिन्हे राहू द्या, अंदाजाने काही टाकू नका.

चाली मात्र मुलीनेच भरायच्या, ते काम तुम्ही करू नका. डाव परत मांडताना तिला आपोआप आठवतं की इथे आपण घाबरलो होतो, इथे घाई केली. शीटवर चुकीची चाल लिहिली असेल तर नियमात न बसणारी चाल प्रोग्रॅम घेतच नाही, तिथे थांबून खरी चाल शोधावी लागते. अशा जागी 'मला काय वाटलं होतं' हे मराठीत, दोन ओळींत लिहायला सांगा. स्टॉकफिश हे मोफत इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅम, त्यानंतरच सुरू करायचं. आधी सुरू केलंत तर तिला इंजिनचं मत कळेल, स्वतःचा विचार कुठे घसरला हे कळणार नाही.

वडिलांची जुनी डावांची वही सापडली. त्यात 'पी-के४', 'एन-केबी३' असं लिहिलंय. संगणक हे घेत नाही. – एक वाचक, गडहिंग्लज

वही जपा, हा ठेवा आहे. ही जुनी इंग्रजी वर्णनात्मक नोंद. 'फिडे' या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९८१ मध्ये तिची मान्यता काढली, पण त्याआधीचे किती तरी डाव तिच्यातच अडकलेले आहेत. या पद्धतीत उभ्या पट्टीला सुरुवातीला तिथे उभ्या असलेल्या मोहऱ्याचं नाव असतं आणि घरं प्रत्येक खेळाडू आपल्या बाजूने मोजतो. 'पी' म्हणजे प्यादं, 'एन' घोडा, 'के' राजा, 'केबी' राजाकडचा उंट. त्यामुळे पांढऱ्याचं 'पी-के४' म्हणजे आजच्या नोंदीत प्यादं ई४वर, काळ्याचं तेच म्हणजे ई५वर. 'एन-केबी३' म्हणजे पांढऱ्याचा घोडा एफ३वर, काळ्याचा एफ६वर.

कागदावरून कागदावर उतरवायला जाल तर फसाल. 'प्याद्याने प्यादं मारलं' एवढंच लिहिलेलं असतं, कारण त्या क्षणी तशी एकच चाल शक्य होती. म्हणून पट समोर मांडूनच पुढे जा. डावाच्या टिपेत वहीचा पान क्रमांक टाका आणि पानांचे फोटोही काढून ठेवा.

लाखो डावांचा डेटाबेस उतरवला. ट्रीमध्ये ज्या चालीची टक्केवारी जास्त, तीच खेळायची का? – महाविद्यालयीन खेळाडू, जयसिंगपूर

नाही. ट्री म्हणजे पटावरच्या स्थितीत आजवर कोणत्या चाली खेळल्या गेल्या आणि त्यांना किती यश आलं, याची यादी. त्यातली टक्केवारी पांढऱ्याच्या यशाची असते. तुम्ही काळ्याने खेळत असाल तर आकडा जितका कमी, तितकं तुमचं भलं. मग शेजारची डावांची संख्या बघा. पाच डावांतल्या ऐंशी टक्क्यांना काही अर्थ नाही. शिवाय तगड्या खेळाडूने नवख्याला हरवलेले डावही त्यात असतात, तिथे श्रेय चालीचं नसतं.

मोठ्या डेटाबेसचा खरा उपयोग स्थिती शोधण्यात आहे. समजा तुम्ही काळ्याने कॅरो-कान ही ओपनिंग, म्हणजे डावाची ठरलेली सुरुवात, खेळता. ओपनिंगच्या वर्गीकरणात ए०० ते ई९९ असे पाचशे संकेत आहेत, त्यात कॅरो-कानचे बी१० ते बी१९. एवढे गाळून घेतले तरी ढीग उरतो. म्हणून तुमच्या डावात जिथे अडलात ती स्थिती पटावर ठेवा आणि तीच शोधा. चालींचा क्रम वेगळा असला तरी त्याच स्थितीला पोहोचलेले डाव सापडतात. त्यातून एकाच चांगल्या खेळाडूचे दहाएक डाव निवडा आणि शेवटपर्यंत खेळून बघा. बाराव्या चालीला थांबू नका, कारण त्या प्याद्यांच्या रचनेतून पुढे कोणता एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, येतो हेच तर शिकायचं असतं. हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती, अशी उरलेल्या मोहऱ्यांवरूनही शोध घेता येतो. आपल्याकडे ही सोय फारच कमी जण वापरतात, याची मला मनापासून खंत वाटते.

नवे डाव हवे असतील तर मार्क क्राउदर यांचं 'द वीक इन चेस' हे इंटरनेटवरचं साप्ताहिक १९९४ पासून चालू आहे, दर आठवड्याचे डाव मोफत मिळतात. ते स्वतःच्या डावांत मिसळू नका.

एकच डाव दोनदा आलाय, नावंही वेगवेगळी. – प्रशिक्षक, राजारामपुरी

आधी नावं एकसारखी करा, मग सिडच्या 'मेंटेनन्स' या भागातून जुळे डाव शोधा. पुसलेले डाव डेटाबेस 'कॉम्पॅक्ट' करेपर्यंत कायमचे जात नाहीत, म्हणून त्याआधी नजर टाका. पाटील आणि एकच आद्याक्षर, एवढ्यावरून दोन खेळाडू एक करू नका. आपल्या जिल्ह्यात ते हमखास चुकेल.

संगणकच नाही, मोबाईलवर जमेल का? – विद्यार्थी, कागल

जमेल. लिचेस या मोफत बुद्धिबळ संकेतस्थळावर 'स्टडी', म्हणजे डाव ठेवायची वही, उघडा, ती खासगी ठेवता येते. एका स्टडीत ६४ प्रकरणं मावतात, म्हणून स्पर्धेगणिक वेगळी करा. स्पर्धा संपली की पीजीएन उतरवून स्वतःला ईमेल करा. पुढे संगणक मिळाला की हीच फाईल सिडमध्ये उघडेल.