मंजूर झालेले कर्ज हाती पडत नाही तेव्हा

‘कर्ज मंजूर झाले, पण पैसे सोडत नाहीत, हप्ता मात्र सुरू होईल असे बजावतात’ ही तक्रार अलीकडे माझ्याकडे वारंवार येते. ती घेऊन आलेल्या एका बाईंची हकीकत, ओळख पटणारे तपशील वगळून, येथे मांडते.

त्यांनी मोबाइल अ‍ॅपवरून तीन महिन्यांच्या मुदतीचे कर्ज मागितले होते. मंजुरी काही मिनिटांत मिळाली, अ‍ॅपमध्ये रक्कम जमाही दिसू लागली. पण ती काढायला गेल्यावर, खाते क्रमांकातला एक अंक चुकल्याने रक्कम गोठवली आहे, असा निरोप आला. ती सोडवण्यासाठी मंजूर रकमेच्या 10 टक्के भरा, ते नंतर परत मिळतील, असेही त्यात होते. त्यांनी ते भरले. मग विम्याचे शुल्क आले, तेही भरले. तिसरी मागणी आली तेव्हा त्या माझ्यासमोर बसल्या होत्या आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या, “चूक माझीच आहे, अंक मीच चुकवला.”

सुदैवाने अर्ज भरताना काढलेला स्क्रीनशॉट त्यांच्या फोनमध्ये होता. पासबुक शेजारी ठेवून, एकेका अंकावर बोट टेकवत त्यांनी तो क्रमांक वाचला. तो बरोबर होता. अ‍ॅपमध्ये मात्र शेवटून दुसरा अंक बदललेला होता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

अपराधीपणा हाच या व्यवहाराचा खरा कणा असतो, असे माझे मत झाले आहे. स्वतःला दोषी मानणारा माणूस जाब विचारत नाही, पैसे भरतो. अ‍ॅपमधला जमा आकडा म्हणजे पडद्यावरचे चित्र. पैसे मिळाले की नाही, हे बँकेचा खातेउताराच सांगतो. जी रक्कम खात्यात आलीच नाही तिच्यावर हप्ता मागायला आधार उरत नाही. शिवाय प्रामाणिक कर्जदाता आपले शुल्क सहसा कर्जाच्या रकमेतूनच कापून घेतो. कर्ज सोडवण्यासाठी आधी पैसे मागणे, तेही एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर, हे फसवणुकीचे लक्षण समजावे.

अर्थात प्रत्येक विलंब फसवणूक नसतो. नावातला फरक किंवा अपुरी पडताळणी यामुळेही रक्कम अडते. तेथे कारण आणि तारीख लेखी मागावी, आणि उत्तर आले नाही तर अर्ज मागे घेतल्याचे लेखी कळवून मोकळे व्हावे.

या बाईंनी लिहिलेल्या पत्रात ‘कृपया’ चार वेळा होते. आम्ही ते सगळे खोडले आणि तीन वाक्ये ठेवली : रक्कम मिळालेली नाही, अर्ज रद्द समजावा, यापुढे काहीही भरणार नाही. त्याच दिवशी त्यांनी बँकेत जाऊन हप्ते परस्पर वळते करण्याची परवानगी रद्द केली, भरलेल्या रकमांची तक्रार तेथे नोंदवली आणि सगळे निरोप घेऊन पोलिसांकडे गेल्या. अ‍ॅप काढून टाकण्याची घाई मी करू दिली नाही, कारण पुरावा त्यातच होता.

भरलेले पैसे अजून परत आलेले नाहीत. पंधरा दिवसांनी, ‘थोडे शुल्क भरा, तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो’ असा एका अनोळखी माणसाचा फोन आला. बाईंनी त्याला, हे लेखी द्या, एवढेच म्हटले. त्याने फोन ठेवला.