दहावी झालेल्या मुलीला आरोग्य संशोधनाच्या लॅबमध्ये काम शिकायला पाठवता येईल का? फी भरून मिळणारी इंटर्नशिप घ्यावी का?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात पैसे अडकणार आहेत. घेऊ नका. सहा आठवडे, एका बॅचला तीस-चाळीस मुलं आणि शेवटी 'रिसर्च इंटर्न' असं छापलेलं प्रमाणपत्र, असं तुम्ही लिहिलंय. एवढी मुलं एका वेळी जिथे बसतात तिथे संशोधन चालत नाही, क्लास चालतो. केळ्यातून डीएनए काढून दाखवतील, जेल रन करून, म्हणजे डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करून दाखवतील. त्यात वाईट काही नाही, पण ते प्रात्यक्षिक. उत्तर काय येणार हे शिकवणाऱ्याला आदल्या दिवशीच ठाऊक असतं. प्रमाणपत्राचं म्हणाल तर एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो आणि आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची स्वतःची परीक्षा आहे. दोन्हीकडे तो कागद कुणी मागत नाही. परदेशात पदवीला अर्ज करायचा असेल तर अनुभवाला किंमत आहे, पण तिथेही जिच्या हाताखाली काम केलं त्या व्यक्तीचं पत्र वाचतात.

आता पहिला प्रश्न. पाठवता येतं. मी पुण्यातल्या एका संस्थेत, पेशींवर काम करणाऱ्या लॅबमध्ये टेक्निकल ऑफिसर आहे आणि बाहेरून शिकायला येणारी मुलं बहुतेक वेळा माझ्याकडेच सोपवली जातात. त्यावरून सांगते: लॅबमध्ये टेबलं असतात, मायक्रोस्कोप असतात, केमिकल्सही असतात. नसतो तो पीएचडी करणाऱ्या मुलामुलींकडचा वेळ, आणि तुमच्या लेकीला नेमका तोच लागणार आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला लॅबमध्ये एकटं सोडता येत नाही. कुणीतरी सतत शेजारी हवं, आणि त्या कुणाचं तरी स्वतःचं काम तेवढे दिवस मागे पडतं. सर मेलवर 'हो, पाठवा' म्हणतात. मुलगी जाऊन बसते ती थिसिसच्या घाईत असलेल्या एखाद्या ताईच्या टेबलाशी. मग महिनाभर ती नुसती बघत बसते आणि घरी येऊन 'छान होतं' म्हणते. म्हणून होकार आला की पुढचा प्रश्न एकच विचारायचा: तिच्याबरोबर रोज कोण असेल? नाव कळलं तर पाठवा. 'बघू, कुणीतरी असेल' असं उत्तर आलं तर राहू द्या.

शाळकरी मुलांना लॅबमध्ये घेण्याची पद्धत अमेरिकेत चांगली रुळलेली आहे. मेन राज्यात बार हार्बरला जॅक्सन लॅबोरेटरी आहे, उंदरांवरच्या जनुकशास्त्रासाठी नावाजलेली. तिथला विद्यार्थ्यांचा उन्हाळी कार्यक्रम 1924 पासूनचा. डेव्हिड बाल्टिमोर शाळेत असताना एका उन्हाळ्यात तिथे गेला, आणि तिथेच त्याला त्याच्यापेक्षा थोडा मोठा हॉवर्ड टेमिन भेटला. पुढे 1970 मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम शोधलं आणि 1975 चं नोबेल रेनातो दुल्बेको यांच्यासह वाटून घेतलं. करोनात आपण ज्या आरटी-पीसीआरच्या रांगा लावल्या, त्यातलं 'आरटी' ते हेच. तिथल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत उन्हाळ्यात येणाऱ्या हायस्कूलच्या मुलांना विद्यावेतन मिळत आलंय. फी घेणारे कार्यक्रम तिकडेही आहेतच, पण काम करणाऱ्याला पैसे द्यायचे असतात ही समज निदान काही ठिकाणी आहे!

आपल्याकडे संस्थांचे प्रशिक्षणाचे नियम बहुधा बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांसाठी असतात. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिपही कॉलेजच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना मिळते. शाळेसाठी सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचा 'जिज्ञासा' कार्यक्रम आहे, तो 2017 मध्ये केंद्रीय विद्यालयांबरोबर सुरू झाला. पुण्यातली एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, सीएसआयआरचीच. वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद असलेल्या आयसीएमआरने ऑगस्ट 2025 मध्ये 'शाइन' नावाने नववी ते बारावीच्या मुलांना आपल्या लॅब दाखवल्या. शिवाय 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास बऱ्याच संस्था सगळ्यांना खुल्या असतात. या एका दिवसाच्या भेटी, त्यातून हाताला काम मिळत नाही. पण माणूस सापडतो. मुलीने पोस्टरपाशी उभ्या असलेल्या कुणाला तरी 'तुम्ही दिवसभर नक्की काय करता?' असं विचारावं, नाव लिहून घ्यावं आणि आठवड्याभरात मेल करावी.

मेल तिने करायची, तुम्ही नाही. बाबांची मेल आली की इकडे लगेच कळतं की हौस कुणाची आहे. चार ओळी पुरतात: कितवीत आहे, तुमचं कुठलं काम पाहिलं किंवा वाचलं, त्यातलं काय कळलं नाही, आणि मी कधी मोकळी आहे. 'आय ॲम व्हेरी पॅशनेट' हे वाक्य असलेल्या मेल आमच्याकडे ढिगाने येतात. वीस शास्त्रज्ञांना एकाच वेळी सीसी तर अजिबात नको. ते एकमेकांना ओळखतात. होकार मिळालाच तर शाळेचं पत्र, तुमचं संमतीपत्र आणि ओळखपत्र लागेल, ते तयार ठेवा.

वेळेचं गणित तुम्हाला माहीतच आहे. दहावीच्या परीक्षेपासून अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंतचा काळ हाच काय तो मोकळा. एकदा नीटचा क्लास लागला की रविवारही उरत नाही. महिन्यापेक्षा कमी दिवस असतील तर प्रयोगाचा आग्रह धरू नका. लॅबच्या आठवड्याच्या मीटिंगला मागे बसू द्या एवढंच विचारा. ते फार कमी जण विचारतात.

आत गेल्यावर काय करायला मिळतं? पहिले काही दिवस आमच्याकडे नुसतं पाणी. मायक्रोपिपेटने (अंगठ्याने दाबून अगदी थोडा द्रव मोजून घ्यायचं साधन) 100 मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा दहावा भाग, पाणी घ्यायचं, तराजूवर सोडायचं, आकडा वहीत लिहायचा. 100 मिलिग्रॅम यायला हवं. येत नाही. अंगठा पटकन सोडला की टिपमध्ये बुडबुडा जातो. पाणी घेताना पहिल्या थांब्यापर्यंतच दाबायचं आणि सोडताना दुसऱ्यापर्यंत, हे हाताला कळेपर्यंत दोन दिवस जातात. एका मुलीने मला हाक मारून दाखवलं की ती लिहीपर्यंत तराजूवरचा आकडा आपोआप उतरतोय. थेंब उडून जात होता, वर एसीचा झोत. तिने घड्याळ लावून मिनिटामिनिटाला आकडे टिपले, मग तराजूची काच बंद करून पुन्हा टिपले, आणि दोन्ही रेषा आलेखावर काढल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं. असं मूल असलं की त्याच्यापायी गेलेल्या वेळाचं आम्हाला काही वाटत नाही.

मग पेशी मोजणं. पेशींच्या द्रावणात तेवढाच ट्रिपॅन ब्लू हा रंग घालायचा. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत तशाच राहतात. हिमोसायटोमीटरच्या, म्हणजे पेशी मोजायला चौकोन आखलेल्या, काचेवर चार कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांतल्या पेशी मोजून सरासरी काढायची, रंगामुळे दुप्पट पातळ झाल्याबद्दल दोनने गुणायचं आणि पुन्हा दहा हजारने; एका मिलिलिटरमधल्या पेशी मिळतात. रेषेवर बसलेल्या पेशींपैकी दोन बाजूंच्या धरायच्या, दोन बाजूंच्या सोडायच्या. एकच काच दोघींनी मोजली तर आकडे वेगळे येतात. कुणाचा बरोबर यावर वाद होतो, आणि माझ्या मते शाळेच्या प्रयोगवहीत जे कधीच येत नाही ते तिथे येतं.

बऱ्याच मुलांना नंतर संगणकावर बसवतात. इमेजजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात मायक्रोस्कोपच्या फोटोंवरून पेशींचं क्षेत्रफळ वगैरे मोजायचं. पालक नाराज होतात: 'लॅबला पाठवलं आणि कॉम्प्युटरवरच बसवलं!' पण आमचा अर्धा दिवसही तिथेच जातो, आणि ते मोजमाप कुणाच्या तरी पेपरच्या खऱ्या उपयोगाचं असतं.

काही गोष्टींना हात लावू देत नाहीत: रुग्णांचं रक्त किंवा थुंकी, टीबीचे जंतू, द्रव नायट्रोजन. प्राण्यांच्या खोलीतही आम्ही शाळेच्या मुलांना नेत नाही. यावर वाद घालू नका. उलट जिथे पहिल्याच दिवशी रुग्णांचे नमुने हातात देतील तिथून मुलीला घरी आणा. आणि तिला सांगून ठेवा, लॅबमधले फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत. नळ्यांवरच्या लेबलांवर कुणाची तरी माहिती असू शकते.

कुठेच जमलं नाही तर? मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'क्यूब' नावाचा उपक्रम आहे. त्यात मुलं फळमाशी, हायड्रा असे साधे जीव वापरून शाळा-कॉलेजातच प्रयोग करतात. घरी मात्र जंतू वाढवू नका. आयसेफसारख्या शाळकरी मुलांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेतही घरी जंतू वाढवलेला प्रकल्प चालत नाही. त्यापेक्षा पावसाळ्यात सोसायटीतल्या कुंड्यांखालच्या थाळ्या, पिंपं, फ्रिजमागचे ट्रे दर आठवड्याला बघून कशात डासांच्या अळ्या आहेत ते नोंदवायला सांगा. पाणी असलेल्या भांड्यांपैकी शेकडा किती भांड्यांत अळ्या, याला कंटेनर इंडेक्स म्हणतात. घरांचा तसाच हाउस इंडेक्स. डेंग्यूच्या कामात हेच आकडे वापरतात. नोंद झाली की पाणी तिथेच ओतून टाकायचं, प्रयोगासाठी म्हणून ठेवायचं नाही.

तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही. पुण्या-मुंबईबाहेर असाल तर जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजी आणि पीएसएम (रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्य) अशा दोन्ही विभागांत चौकशी करा. पीएसएमवाल्यांकडे सर्वेक्षणाची कामं असतात, त्यात जंतूंचा प्रश्न येत नाही, म्हणून शाळेच्या मुलीला घ्यायला ते तुलनेने लवकर तयार होतील असं मला वाटतं.