गृहसल्ला : ओटा लाकडाचा करावा का?

प्रश्न : आमच्या मुलुंडच्या घरातील स्वयंपाकघराची दुरुस्ती काढली आहे. कडप्प्याचा ओटा काढून त्या जागी भरीव लाकडाचा ओटा बसवावा, असा मुलीचा आग्रह आहे. सुतारमिस्त्री म्हणतात की मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड टिकणार नाही. दुकानदार बीच या परदेशी झाडाचे लाकूड सुचवतो. काय करावे?

उत्तर : मिस्त्रींचे म्हणणे अर्धे खरे आहे. पावसाळ्यात लाकूड हवेतील ओलावा शोषून रुंदीला फुगते आणि हवा कोरडी झाली की आकसते. लांबीत मात्र नजरेत भरण्याजोगा फरक पडत नाही. लाकडातील ओलावा चार टक्क्यांनी बदलला, तर दोन फूट रुंदीचा सागवानी ओटा चार-पाच मिलिमीटर इतका हलू शकतो. बीच त्याहून कितीतरी अधिक हलते आणि सतत ओले राहिल्यास लवकर कुजते, म्हणून ते दिसायला कितीही देखणे असले तरी मुंबईत ओट्यासाठी मी ते घेणार नाही.

मुलीची हौस पुरवायची असेल, तर सिंकभोवती आणि गॅसच्या शेगडीखाली कडप्पा किंवा ग्रॅनाइटच राहू द्यावा आणि भाजी चिरण्याचा, पोळ्या लाटण्याचा कोरडा भाग सागवानाचा करावा. सिंकच्या कडेला साचलेले पाणी आणि शिट्टी झाल्यावर खाली उतरवलेल्या कुकरचे बूड या दोन गोष्टी लाकडाला सर्वाधिक छळतात.

रे रोडच्या लाकूडबाजारात सागवान पाहताना केवळ वरच्या रंगावर जाऊ नये. फळीचे टोक उजेडात धरावे : सोनेरी-तपकिरी गाभ्याशेजारी फिकट, पिवळसर पट्टा दिसला, तर तो कच्चा भाग असून वाळवी आणि बुरशी तेथूनच शिरकाव करतात. टोकावरील वलयांच्या रेषा फळीच्या रुंद बाजूशी काटकोनात उभ्या असतील, तर ती फळी कमी हलते व कमी वाकते. जमल्यास विक्रेत्याकडून मॉइश्चर मीटरने ओलावा मोजून घ्यावा, आणि माल घरी आल्यावर फळ्यांमध्ये पट्ट्या घालून दोन आठवडे तशाच ठेवाव्यात. पाडलेल्या जुन्या चाळींचे सागवान उत्तम मुरलेले असते, मात्र त्यात खिळे राहून गेलेले असतात. जुन्या रंगात शिसेही असू शकते, त्यामुळे रंगवलेले दार घासून त्याचा ओटा करण्याच्या फंदात पडू नये.

बसवताना मिस्त्रींना एक गोष्ट निक्षून सांगावी. ओटा खालच्या चौकटीला डिंकाने चिकटवू नये. चौकटीतील भोके ओट्याच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवून स्क्रू लावावेत आणि भिंतीकडे थोडी फट सोडावी, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते. जवसाचे किंवा टंगचे (टंग नावाच्या झाडाच्या बियांचे) तेल दोन्ही अंगांना लावावे. खालचे अंग कोरडे ठेवल्याने फळी पन्हळीसारखी वाकलेली मी पाहिली आहे. तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मगच फेकाव्यात. चकचकीत पॉलिशला माझा विरोध आहे, कारण त्याला चरा पडला की पाणी आत शिरते आणि पॉलिशखाली काळे डाग धरतात.

प्रश्न : आमच्या सागवानी ओट्यावर हळदीचे पिवळे डाग आहेत, आणि बिडाची ओली कढई ठेवली होती तेथे काळे वर्तुळ उमटले आहे. घासूनही जात नाहीत.

उत्तर : हळदीचा डाग जेथे थेट ऊन पडते तेथे काही दिवसांत फिकट होतो, म्हणून आधी पडदा बाजूला करून पाहावा. काळे वर्तुळ म्हणजे लोखंड, पाणी आणि लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य यांचा संयोग. ते पाण्यात विरघळवलेल्या ऑक्झॅलिक ॲसिडने निघते. हे ॲसिड विषारी असल्याने हातमोजे घालावेत, जागा दोन-तीनदा स्वच्छ धुवावी, आणि वाळल्यावर तेथे पुन्हा तेल लावावे.